जमीन विकू का?

केमो अधिक इम्युनोथेरपी... ऐकायला एकदम भारी कॉम्बो! पण स्वादुपिंडाचा कॅन्सर परत उलटला, तर हा कॉम्बो खरंच चालतो का? शहापूर तालुक्यातल्या एका घरात मे महिन्यात हा प्रश्न थेट सातबाऱ्यापर्यंत पोचला होता.

शहापूर म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय येतं? माहुली. पावसाळी ट्रेक, आसनगावला उतरल्या उतरल्या हाणलेला वडापाव, चिखलाने माखलेले शूज. मुरबाड म्हटलं की गोरखगड, नाहीतर माळशेजला जाताना हमखास घेतलेला चहाचा ब्रेक. थोडक्यात काय, आपल्या वीकएंडचा मुलुख! तिथं माणसं राहतात, त्यांचे आई-वडील आजारी पडतात आणि मग त्यांना परळच्या वाऱ्या कराव्या लागतात, हे आपल्या फोटो अल्बममध्ये कुठं येत नाही.

माझ्याकडे ते फोनवरून आलं. मे महिन्यातल्या एका रविवारी, रात्री साडेदहाला.

फोन कॉलेजातल्या मित्राचा. आता ऐरोलीत आयटी कंपनीत आहे, दर शनिवारी लोकल पकडून गावी पळतो. गाव शहापूर तालुक्यात, भातसा धरणाच्या अंगाला. हाय नाही, हॅलो नाही, डायरेक्ट प्रश्न.

‘अगं ऐक ना, जमीन विकू का?’

मला वाटलं, फ्लॅट घेतोय. पण मॅटर वेगळाच होता.

त्याच्या वडिलांना सगळं घर आप्पा म्हणतं. दीड वर्षापूर्वी आप्पांना कावीळ झाली. दुखत-खुपत काहीच नव्हतं. डोळे पिवळे, अंगाला खाज, लघवी गडद. गावाकडे काविळीचं औषध देणारा कुणी ना कुणी असतोच. तीन आठवडे ते औषध आणि पथ्यपाणी चाललं. शेवटी शहापूरच्या एका डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला लावली आणि गाडी थेट परळला पोचली. स्वादुपिंडाच्या डोक्याकडे गाठ, तिनं पित्ताची नळी दाबलेली, म्हणून कावीळ. त्यातल्या त्यात नशीब एवढंच, की गाठ काढता येण्यासारखी होती. व्हिपल नावाचं भलंमोठं ऑपरेशन झालं, मग सहा महिने केमो. ‘सुटलो एकदाचे’ म्हणून घरात सत्यनारायणही झाला.

आणि या मे महिन्यात स्कॅनमध्ये लिव्हरवर ठिपके दिसले.

मित्रानं सेकंड ओपिनियन म्हणून एक चकचकीत खासगी हॉस्पिटल गाठलं. तिथं सांगितलं, ‘केमोला इम्युनोथेरपी जोडू या, लेटेस्ट आहे.’ सोबत खर्चाचा कागद. आकडा लाखांत, आणि तोही एकदा नाही, दर तीन आठवड्यांनी. मुरबाडचे मामा म्हणाले, माणूस मोठा की जमीन? समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये सुरू झाल्यापासून जमिनीचे एजंट त्यांच्या ओटीवर येऊन बसतातच. सही करायचाच काय तो अवकाश.

आता मी मास कॉम केलंय, एमबीबीएस नाही. ‘विक’ किंवा ‘नको विकू’ असं सांगणारी मी कोण? पण वाचू तर शकते. मी त्याच्याकडून आठवडाभर मागून घेतला आणि शोधनिबंध उपसत बसले. त्या आठवड्यात जे कळलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते. कारण उद्या असा फोन तुमच्याही घरातून येऊ शकतो.

टीसी, पास आणि फुल्ल डबा

आधी बेसिक फंडा. केमो म्हणजे झपाट्यानं वाढणाऱ्या पेशी मारणारं औषध. इम्युनोथेरपीचं काम वेगळं. ती कॅन्सरला थेट मारत नाही, आपल्याच शरीरातल्या संरक्षक पेशींना कामाला लावते.

आपल्या रक्तात टी-पेशी असतात. त्यांना लोकलमधले टीसी समजा. प्रत्येक पेशीचा पास तपासायचा आणि फुकट्याला पकडायचं, हे त्यांचं काम. पण टी-पेशींना ब्रेकही असतात, नाहीतर त्या साध्यासुध्या प्रवाशांनाही बदडून काढतील. हुशार कॅन्सर नेमका तो ब्रेक दाबतो आणि सटकतो. इम्युनोथेरपीची निव्होलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब वगैरे औषधं हा ब्रेक सोडवतात. ही कल्पना इतकी जबरदस्त निघाली, की तिच्या मुळाशी असलेल्या जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो या दोघांना २०१८चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्वचेचा मेलानोमा, फुप्फुसाचा कॅन्सर, किडनीचा कॅन्सर... अनेक ठिकाणी या औषधांनी कमाल केली आहे. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये केमो आणि इम्युनो एकत्र देणं आता नेहमीचं झालंय.

मग स्वादुपिंडाचं घोडं कुठं अडलं?

सकाळची कसारा लोकल आठवा. डब्यात मुंगी शिरायला जागा नाही. टीसीला कितीही पॉवर द्या, तो आत शिरणार कसा? स्वादुपिंडाच्या गाठीभोवती तंतुमय पेशीजालाची अशीच घट्ट गर्दी असते. कित्येकदा गाठीचा बहुतांश भाग कॅन्सरच्या पेशींचा नसतोच, तो या गर्दीचा असतो. टी-पेशी बाहेर प्लॅटफॉर्मवर उभ्या. ज्या आत पोचतात, त्यांना झोपवणाऱ्या पेशीही तिथंच बसलेल्या.

दुसरी भानगड पासची. मेलानोमाच्या पेशीत एवढे जनुकीय बिघाड असतात, की तिचा पास लांबूनच बोगस दिसतो. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये मानानं बिघाड थोडे. नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत केरास नावाचं एकच जनुक बिघडलेलं सापडतं आणि बाकीचा पास जवळजवळ खऱ्यासारखा. डॉक्टर अशा गाठीला ‘कोल्ड ट्यूमर’, म्हणजे थंड गाठ म्हणतात.

म्हणूनच कॉम्बोची आयडिया आली. केमोनं आधी पेशी फोडायच्या, म्हणजे त्यांच्यातले बोगस पास रस्त्यावर सांडतील, गर्दी थोडी पांगेल, आणि मग ब्रेक सोडलेले टीसी आत घुसतील. कागदावर एकदम परफेक्ट!

कागद वेगळा, माणूस वेगळा

कॅनडात हे करून पाहिलं गेलं. पसरलेल्या स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे १८० रुग्ण. काहींना फक्त केमो (जेमसिटाबिन आणि नॅब-पॅक्लिटॅक्सेल), तर काहींना तीच केमो अधिक दोन-दोन इम्युनो औषधं. निकाल २०२२मध्ये छापून आला. केमोवाल्यांचं मध्यम आयुर्मान ८.८ महिने, कॉम्बोवाल्यांचं ९.८ महिने. हा फरक संख्याशास्त्राच्या चाळणीत टिकला नाही. म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रिन्स नावाच्या चाचणीचा निकाल आला. तो जास्त इंटरेस्टिंग आहे. केमो अधिक निव्होलुमॅब घेतलेल्यांपैकी ५७.७ टक्के रुग्ण वर्षभरानं हयात होते. नुसत्या केमोचा जुना आकडा ३५ टक्क्यांचा. वा! पण थांबा. हा गट जेमतेम ३४ जणांचा होता आणि त्याची तुलना शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाशी नव्हे, तर जुन्या आकड्यांशी केलेली होती. आणि खरी गंमत पुढे आहे. निव्होलुमॅबच्या जोडीला आणखी एक इम्युनो औषध दिलं, तेव्हा आकडा वाढायच्या ऐवजी ४१.३ टक्क्यांवर घसरला! जास्त औषध म्हणजे जास्त फायदा, हे इथं साफ खोटं ठरलं.

म्हणून आजची परिस्थिती अशी : स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर केमोला इम्युनो जोडणं हे नेहमीच्या उपचारात बसत नाही. ते संशोधनात आहे. संशोधनात असणं वाईट नाही. पण संशोधनातला उपचार चाचणीत नाव नोंदवून घ्यायचा असतो. तिथं चाचणीचं औषध सहसा फुकट मिळतं आणि पेशंटवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं जातं. तोच उपचार जमीन विकून कॅश काउंटरवर विकत घ्यायचा, ही वेगळी गोष्ट झाली.

मित्र म्हणाला, ‘पण पैसा ओतला तर काहीतरी फरक पडेलच ना?’

मला मनोहर पर्रीकर आठवले. गोव्याचे मुख्यमंत्री, देशाचे माजी संरक्षणमंत्री, आयआयटी मुंबईचे इंजिनियर. फेब्रुवारी २०१८मध्ये ते आजारी पडले. मुंबई, अमेरिका, दिल्लीचं एम्स... सगळीकडे उपचार झाले. नाकात नळी घालून ते मांडवीवरच्या पुलाच्या उद्घाटनाला आले होते, तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. १७ मार्च २०१९ला ते गेले. स्वादुपिंडाचाच कॅन्सर. पदाची, ओळखीची, डॉक्टरांची कुठलीच कमी नव्हती. हा आजार खिसा बघत नाही. जे औषध अजून तयारच झालेलं नाही, ते पैशानं विकत मिळत नाही.

शंभरातला एक

आता असं लिहून मी तुमची आशा पंक्चर करतेय का? नाही. कारण याला अपवाद आहेत, आणि ते शोधायला जमीन विकावी लागत नाही.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांमध्ये साधारण एकाच्या गाठीत एमएसआय नावाचा खास बिघाड असतो. अशा गाठीत जनुकांची दुरुस्ती करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते, त्यामुळे बोगस पासांचा ढीग लागतो आणि टी-पेशींना ती चटकन ओळखू येते. इथं इम्युनोथेरपी एकटीच काम करू शकते. एका आंतरराष्ट्रीय चाचणीत अशा २२ रुग्णांपैकी ४ जणांची गाठ लक्षणीय आकसली. आकडा छोटा आहे, पण ज्याच्या नशिबी आला त्याच्यासाठी तो शंभर टक्के! दुसरी तपासणी बीआरसीए जनुकाची. त्यात आईवडिलांकडून आलेला दोष सापडला तर काही खास केमो आणि ओलापॅरिब नावाच्या गोळ्यांचा विचार होतो. आणि ही माहिती मुलांच्या, भावंडांच्याही कामाची असते.

मुद्दा असा, की ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात, ज्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात, जपून ठेवलेला असतो. एमएसआय त्यावरच तपासता येतं, बीआरसीएला बहुतेक वेळा रक्त पुरतं. म्हणून ‘इम्युनो घेऊ का?’ या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न आहे, ‘एमएसआय केलं का?’ माझ्या मित्राच्या हातात खर्चाचा कागद पडला होता. ही तपासणी कुणी केली नव्हती.

वीस मिलिग्रॅमची गोष्ट

केमो आणि इम्युनोची जोडी नुसती परदेशातच जमते असं नाही. आप्पा ज्या परळला जातात, तिथल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलनं तोंड-घशाच्या कॅन्सरमध्ये एक भन्नाट काम केलंय. तंबाखू-मिश्रीच्या आपल्या मुलुखात हा कॅन्सर घराघराला माहीत आहे.

टाटाच्या डॉक्टरांनी शोधनिबंधाच्या सुरुवातीलाच एक कडू सत्य लिहून टाकलं : या कॅन्सरसाठी मान्यता मिळालेले नवे उपचार आपल्यासारख्या देशांतल्या फक्त १ ते ३ टक्के रुग्णांना परवडतात. बाकीच्या ९७ जणांनी काय करायचं? त्यांनी निव्होलुमॅबचा डोसच कापला. नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम. यांनी दिले दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम! सहा आठवड्यांचा हिशेब करा. एकीकडे ७२० मिलिग्रॅम, दुसरीकडे ४०. म्हणजे अठरावा हिस्सा. जोडीला घरी बसून घ्यायच्या स्वस्त गोळ्यांची, कमी ताकदीची केमो.

बरा होण्यापलीकडे गेलेला किंवा परत उलटलेला आजार असलेले १५१ रुग्ण चाचणीत होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानं हयात होते १६.३ टक्के. गोळ्या अधिक छोटा डोस घेतलेले ४३.४ टक्के. आणि गंभीर साइड इफेक्ट वाढले नाहीत. ऑक्टोबर २०२२मध्ये हा निकाल अमेरिकेतल्या नामांकित जर्नलनं छापला.

मित्र लगेच म्हणाला, ‘मग आप्पांनाही वीस मिलिग्रॅम देऊ या ना!’

तिथंच तर मेख आहे, बॉस! तोंड-घशाची गाठ वेगळी, स्वादुपिंडाची वेगळी. जिथं औषध मुळात चालतं, तिथं कमी डोसही चालू शकतो. जिथं पूर्ण डोस चालत नाही, तिथं छोटा डोस चालेल असं धरून चालता येत नाही.

अगदी शेजारच्या अवयवाचं उदाहरण घ्या. पित्ताची नळी आणि पित्ताशय स्वादुपिंडाला अक्षरशः खेटून आहेत. त्यांच्या कॅन्सरमध्ये केमोला डर्व्हालुमॅब हे इम्युनो औषध जोडलं, तेव्हा दोन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण सुमारे १० टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या आसपास गेलं. ही चाचणी २०२२ची. जुलै २०२४च्या बजेटमध्ये केंद्र सरकारनं याच औषधावरची कस्टम ड्युटी माफ केली. दोन बोटांवरच्या शेजाऱ्याच्या अंगणात पाऊस पडला आणि आपलं अंगण कोरडंच. म्हणून कुणी ‘पोटाच्या कॅन्सरवर इम्युनो चालते’ असं मोघम सांगितलं, तर आधी विचारा, पोटाच्या कुठल्या?

आणि ती लस?

‘स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर लस सापडली’ हा फॉरवर्ड तुमच्याही ग्रुपवर फिरला असणार. त्यातलं खरं किती? बऱ्यापैकी.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ऑपरेशन झालेल्या १६ रुग्णांच्या काढलेल्या गाठीतून बोगस पासांची यादी केली गेली आणि प्रत्येकासाठी वेगळी एमआरएनए लस शिवली गेली. हो, शिवलीच म्हणायला हवं, टेलरकडच्या शर्टासारखी मापानं! सोबत एक इम्युनो औषध आणि नंतर केमो. १६पैकी ८ जणांच्या टी-पेशी लसीनं जाग्या झाल्या. २०२५मध्ये, तीन वर्षांहून जास्त पाठपुराव्यानंतर, या ८ जणांपैकी दोघांचा आजार उलटला होता. टी-पेशी जाग्या न झालेल्या ८ जणांपैकी सातांचा. म्हणजे केमो-इम्युनोच्या जोडीला तिसरा भिडू मिळाला, तर थंड गाठही तापू शकते, याची ही पहिली दमदार खूण.

पण सोळाच माणसं. आणि सगळे ऑपरेशननंतरचे, आजार उलटायच्या आधीचे. मोठी चाचणी हाती घेतली गेली आहे. उलटलेल्या आजारासाठी ही लस आज कुठल्याही काउंटरवर मिळत नाही. कुणी ‘मागवून देतो’ म्हणाला, तर उठा आणि चालू लागा.

आसनगाव ते परळ

आता त्या गोष्टी, ज्या शोधनिबंधात छापत नाहीत.

आसनगावहून फास्ट लोकलनं दादर, तिथून परळ. एका बाजूचे दोन-अडीच तास, तेही गाव ते स्टेशन सोडून. मुरबाडला तर रेल्वेच नाही. आधी एसटी किंवा टमटमनं कल्याण, मग लोकल. गेल्या वर्षी आप्पांची केमो दर दोन आठवड्यांनी असायची आणि त्यातलं एक औषध ४६ तास छोट्या पंपातून हळूहळू जायचं. तो पंप शर्टाच्या आत धरून आप्पा खिडकीपाशी बसून घरी यायचे. या तालुक्यातल्या तानसा, मोडकसागर, भातसाचं पाणी नळ उघडला की मुंबईत आपल्याला मिळतं. उलट दिशेचा प्रवास मात्र असा.

इम्युनोथेरपीच्या साइड इफेक्टचंही अंतराशी नातं आहे. ब्रेक सुटलेल्या टी-पेशी कधी कधी आपल्याच आतड्यावर, फुप्फुसावर, थायरॉइडवर तुटून पडतात. रात्री दोन वाजता सुरू झालेले जुलाब म्हणजे साधं पोट बिघडलं असं गावात वाटू शकतं. प्रत्यक्षात तिथं वेळेत स्टिरॉइड द्यावी लागतात. ज्या औषधाचा फायदा सिद्ध नाही, त्यासाठी हा धोका घ्यायचा का, हाही हिशेबाचा भाग आहे.

मग जे सिद्ध आहे ते काय? उलटलेल्या आजारात पुढची केमो कोणती, हे आधी कोणती झाली आणि किती महिन्यांनी आजार परतला यावर ठरतं. स्वादुपिंड नीट काम करत नसेल तर जेवणाबरोबर पाचक रसांच्या कॅप्सूल द्याव्या लागतात, नाहीतर खाल्लेलं अंगी लागत नाही आणि माणूस झपाट्यानं वाळतो. पोट-पाठीच्या दुखण्यावर मॉर्फिन आहे, नस बधिर करायचं इंजेक्शन आहे. कावीळ परतली तर नळीत स्टेंट घालता येतो. या सगळ्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ती ‘आता काही उरलं नाही’ म्हणून शेवटी गाठायची जागा नाही. पहिल्या दिवसापासून केमोच्या हातात हात घालून चालायची गोष्ट आहे.

म्हणून असा कागद हातात आला, तर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न :

- गाठीची एमएसआय आणि रक्ताची बीआरसीए तपासणी झाली का? नसेल तर इम्युनो कशाच्या आधारावर?
- नुसत्या केमोपेक्षा या जोडीनं याच अवयवाच्या कॅन्सरमध्ये किती फायदा दाखवला? महिन्यांत सांगा.
- ही चाचणी आहे का? असेल तर नोंदणी आणि संमतीपत्र कुठं आहे? औषधाचे पैसे का घेताय?
- प्लॅन मोठ्या हॉस्पिटलचा, पण सलाईन घराजवळ लावता येईल का?
- यातलं महात्मा फुले योजनेत काय बसतं? (हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला गाठा. योजनेचं कव्हर आता ५ लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा.)

आणि गावाकडे फोन कराल तेव्हा एक निरोप नक्की द्या. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या माणसाला न दुखता कावीळ झाली, अंगाला खाज आहे, संडास पांढुरकी होतेय, वजन उतरतंय किंवा अचानक शुगर निघालीय, तर झाडपाल्यात आठवडे घालवू नका. सरळ सोनोग्राफी. या आजारात ऑपरेशनची संधी म्हणजे सगळ्यात मोठी संधी. २०१८च्या एका चाचणीत ऑपरेशननंतर तगडी केमो झेपलेल्या रुग्णांचं मध्यम आयुर्मान साडेचार वर्षांच्या आसपास गेलं होतं. ती संधी काविळीच्या औषधात जाऊ नये.

पुन्हा रविवार

मित्राला मी हे सगळं सांगितलं. उत्तर सांगितलं नाही. तो आप्पांना घेऊन परळला गेला, प्रश्नांची चिठ्ठी खिशात. एमएसआय निगेटिव्ह आलं, बीआरसीएही. शंभरातले ते एक आप्पा नव्हते. मित्र त्या दिवशी लोकलमध्ये कुणाशी बोलला नाही. जोडी नको, साधी केमो सुरू करू, असं ठरलं. या वेळी पंप नाही. तीन आठवडे सलाईन, चौथा सुट्टीचा. त्यातली बरीच कल्याणला होतात, परळची फेरी महिन्यातून एकदा. कॅप्सूल सुरू झाल्यापासून जेवण पचतंय, वजन दोन किलोनं वर आलंय. दोन महिन्यांनंतरच्या स्कॅनमध्ये ठिपके थोडे लहान दिसले. पुढचं कुणीच सांगू शकत नाही आणि डॉक्टरांनी ते तसं स्पष्ट सांगितलंय. आप्पांसमोरच.

जमीन आहे तिथंच आहे. मामा आधी थोडे घुश्शात होते, आता दर केमोला डबा घेऊन कल्याणला हजर असतात.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा या वेळी लाइनवर आप्पाच होते.

‘काय गं, तुझं ते टीसीवालं औषध कधी येणार म्हणे?’

‘अजून तयार व्हायचंय, आप्पा.’

‘होऊ दे. नीट होऊ दे. बरं, भाताची आवणी काढलीय, माणसं मिळत नाहीत. तुम्ही पोरं दर पावसाळ्यात माहुलीला येऊन चिखलात लोळताच की. या वेळी माझ्या चिखलात या.’

तर मंडळी, या वीकएंडला ट्रेक कॅन्सल. शनिवारी सकाळच्या कसारा लोकलनं आम्ही चौघं चाललोय. जुने शूज घेतलेत. आप्पा म्हणाले, शूज कशाला, अनवाणीच या.